काचेवर राहिलेला कागद

पहिल्या दिवशी तो बारावीची गुणपत्रिका काचेवर विसरून गेला.

मुलुंडला कॉलेजच्या फाटकासमोर बाबांचं झेरॉक्सचं दुकान आहे. जूनचा दुसरा आठवडा, प्रवेशाची गर्दी, आणि मला अडकलेला कागद ओढून काढण्यापलीकडे मशीनचं फारसं काही कळत नव्हतं. त्याने प्रती घेतल्या आणि गेला. पुढच्या मुलीसाठी झाकण उचललं, तर खाली त्याचा कागद. देवेश कांबळे. गणित अठ्ठ्याण्णव, मराठी बेचाळीस.

संध्याकाळी तो परत आला. कागद पुढे करताना, का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, “मराठीचं फारसं मनावर घेतलं नव्हतंत.”

“कागद सांभाळायचा असतो मॅडम, वाचायचा नसतो,” तो म्हणाला. मग आत डोकावून, “काका दिसत नाहीत?”

बाबा फेब्रुवारीत गेले, असं मी सांगितलं. एव्हाना हे वाक्य मला न अडखळता म्हणता येत होतं. हातातली मिटलेलीच छत्री त्याने पुन्हा एकदा मिटली.

बारा वर्षांपूर्वी तो याच कॉलेजात शिकायला आला होता, आणि आता तिथेच भौतिकशास्त्र शिकवायला लागला होता. मी घाटकोपरला एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. दोन महिन्यांची रजा काढून दुकानात बसले होते. एकतीस जुलैला गाळा मालकाला परत द्यायचा होता. तोवर मला एकच गोष्ट करायची होती, आणि नेमकी तीच जमत नव्हती.

बाबा दर जूनमध्ये नव्या मुलांना प्रतींच्या गठ्ठ्यासोबत एक जास्तीचा कागद द्यायचे. त्यांच्या हाताने लिहिलेल्या सात ओळी. लायब्ररीचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढा. कॅन्टीनमध्ये एकटे बसलात म्हणून घाबरू नका, समोरचाही एकटाच असतो. इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसू नका, तिथून फळाही दिसत नाही. नापास झालात तर आधी जेवा, मग घरी सांगा... आणि सगळ्यांत वर, पहिली ओळ: झेरॉक्स झाल्यावर मूळ प्रत उचला. आठवी ओळ रिकामी. तिच्याखाली बारीक अक्षरात, ‘ही तुम्ही लिहा. वर्ष संपलं की आणून दाखवा.’ मुलं खरंच आणून दाखवायची. आतल्या प्लायवूडवर त्या ओळी टाचण्यांनी लावलेल्या होत्या.

यंदाच्या मुलांनाही तो कागद मिळायला हवा होता, निदान शेवटचा. पण बाबांची मूळ प्रत कुठेच सापडेना. होती ती प्रतीची प्रत, तिचीही प्रत. वेलांट्या गळालेल्या, कान्यांचे ठिपके झालेले. सगळं नीट टाइप करणं मला सहज जमलं असतं. तेच तर माझं काम. पण त्यात बाबांचा डावीकडे कललेला ‘झ’ आला नसता.

पुढच्या आठवड्यात देवेश शाळा सोडल्याचा दाखला विसरला. त्यानंतर विजेचं बिल. शेजारी फुलांच्या टोपलीमागे बसणारी चंपामावशी म्हणाली, सर हुशार दिसतात, पण डोकं काचेवर ठेवून जातात. चौथ्यांदा त्याने कॅन्टीनचं दरपत्रक आणलं तेव्हा मावशीने गजरा ओवता ओवता माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मशीनमध्ये कागद भरायला वाकले... तो आधीच भरलेला होता.

“हे दरपत्रक कशाला हवंय तुम्हाला?”

“वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवतोय,” तो गंभीरपणे म्हणाला. “वडा हातातून पडतो, तो भाग.”

मला हसू आलं. फेब्रुवारीनंतर दुकानात इतक्या मोठ्याने कोणी हसलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्याच दिवशी त्याला गल्ल्यावर ठेवलेली ती पुसट प्रत दिसली. त्याने उचलून उजेडात धरली आणि हे असं का, म्हणून विचारलं. मी मूळ प्रतीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, उद्या दुकान लवकर उघडाल का?

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो फाटकासमोर उभा होता. जुन्या वहीतून त्याने चार घड्यांचा एक कागद काढला. बारा वर्षांपूर्वीची प्रत — काळीभोर, ठसठशीत. एकही वेलांटी गळालेली नव्हती. ‘झ’ डावीकडे कललेला.

“घरात कॉलेजला गेलेलं कोणीच नव्हतं,” तो म्हणाला. “कॉलेजात काय करायचं, हे मला फक्त या कागदाने सांगितलं. पहिल्या सेमिस्टरला नापास झालो तेव्हा इथेच आलो होतो. काकांनी निकाल पाहिला नाही. डबा उघडला. भाकरी आणि कुळथाची पिठी. जेव झिला, म्हणाले, स्वतःच्या पोराला मालवणीत म्हणावं तसं.”

कुळथाची पिठी बाबांना मीच करून द्यायचे. डबा कधी कधी चाटूनपुसून घरी यायचा आणि मला वाटायचं, आज चांगली जमली.

मी कागद काचेवर ठेवला आणि दोनशेचा आकडा लावला. हिरवा उजेड ये-जा करत राहिला. प्रती संपेपर्यंत मी मशीनकडे तोंड करून उभी होते. तो बाहेर चंपामावशीशी फुलांबद्दल काहीबाही बोलत राहिला. त्याला फुलांतलं काही कळत नव्हतं, हे आतपर्यंत ऐकू येत होतं. गरम कागद हातात घेतले तेव्हा दिसलं, त्याच्या घड्यांच्या फिकट रेघा प्रत्येक प्रतीवर उमटल्या होत्या.

“तुमची आठवी ओळ रिकामीच आहे,” मी म्हटलं.

“पहिल्या वर्षी लिहिण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. आणि मग... मग उशीर झाला.”

जुलै त्या दोनशे प्रती वाटण्यात गेला. मुलं कागद वाचत फाटकातून आत जायची. एखादं अर्ध्या वाटेवरून परत यायचं आणि काचेवरची मूळ प्रत उचलून न्यायचं. देवेश तासांच्या मधल्या वेळात यायचा. आम्ही पुस्तकांवर बोलायचो, मग पुस्तकं सोडून इतर सगळ्यावर. बेचाळीस गुणांचा माणूस एका महिन्यात दोन कादंबऱ्या वाचून आला आणि दुसरीचा शेवट पटला नाही म्हणून वाद घालत बसला. गाळा कधी सोडणार, हे मात्र त्याने एकदाही विचारलं नाही. तारीख त्याला माहीत होती.

एकतीसला दुपारी मशीन न्यायला टेम्पो यायचा होता. बाराच्या सुमारास तो आला. एकच प्रत हवी होती. आज मी काढतो म्हणाला, आणि कागद उलटा धरून स्वतःच काचेवर ठेवला. प्रत घेतली, न दाखवता खिशात घातली. “येतो,” म्हणाला आणि निघाला. इतकंच?

मी झाकण उचललं.

तोच चार घड्यांचा कागद. आठव्या ओळीत निळ्या शाईने, बेचाळीस गुणांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘परत यायला कारण हवं असेल, तर मूळ प्रत काचेवरच राहू द्या.’

तो रस्त्यापलीकडे फाटकापाशी उभा होता, आत न जाता. ऊन असूनही छत्री उघडून.

कागद काचेवरच राहिलेल्या मुलांना बाबा ज्या मालवणी हाकेने परत बोलवायचे, तीच माझ्या गळ्यातून निघाली.

“झिला, कागद थंयच रवलो!”

चंपामावशीच्या हातातली सुई थांबली. तो रस्ता ओलांडून आला, पहिल्याच दिवसासारखा, जणू खरंच विसरला होता.

“वर्ष संपलं की दाखवायचं होतं,” तो म्हणाला. “मला बारा लागली. चालेल?”

“चालेल.”

“आता उद्यापासून कुठे विसरू, जानकी?”

मी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. प्लायवूडवरच्या ओळी सकाळीच उतरवून खोक्यात ठेवल्या होत्या. त्यांच्यावर त्याचा कागद ठेवला. मग गल्ल्यावरच्या एका कोऱ्या कागदावर घरचा पत्ता लिहिला आणि त्याच्या हातात दिला.

“घरी मशीन नाही,” मी म्हटलं. “तू नुसताच ये. पिठी करीन.”

त्याने पत्त्याची घडी घातली. एक, दोन, तीन, चार. यावेळी तो काही विसरला नाही.