सतरावा बिल्ला

“सतरा म्हणजे सतरा. मी काय आज मोजायला शिकलोय का?”

“मग सतरावी कुठे आहे ते सांग. माझी आई कुठे आहे?”

तिकिटाच्या खिडकीच्या आत ती, बाहेर तो. नवराबायको. मधल्या काचेला बोलण्यापुरतं एक गोल भोक होतं आणि त्या एवढ्याशा भोकातून दोघं एकमेकांवर तुटून पडली होती. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. डिसेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार.

म्हातारा ड्रायव्हर ही गोष्ट नेहमी इथूनच सुरू करतो. शेवटची बस लागली, ऑफिसचं शटर अर्ध्यावर आलं, की नवे गाइड हीटरभोवती स्टुलं ओढून बसतात आणि कोणीतरी मुद्दाम विषय काढतं. म्हातारा आधी आढेवेढे घेतो. मग कोटाच्या खिशातून रुमालाची एक पुरचुंडी काढतो, ती हीटरच्या जाळीवर ठेवतो आणि सांगून टाकतो की हे ज्याच्या बाबतीत घडलं तो आपला रोजचा माणूस होता, त्याच्या बसचं स्टिअरिंग आपल्याच हातात होतं, तेव्हा मध्येच कोणी शहाणपणा करायचा नाही. भांडण कसं संपलं ते मात्र तो शेवटपर्यंत राखून ठेवतो. ती एकच वाक्य बोलली, म्हणतो, आणि तो माणूस बसकडे धावत सुटला.

तो माणूस म्हणजे डोंगरावरच्या मठाची अर्ध्या दिवसाची सहल नेणारा गाइड. सगळे त्याला ‘मोजणी’ म्हणत. एक वाजता निघायचं, अडीचला वर पोचायचं, ग्रंथांची खोली, स्वयंपाकघर, विहिरीचं अंगण, मग दोनशे पायऱ्या चढून गच्चीवरून दरी बघायची, सव्वाचारला बसमध्ये आणि पावणेसहाला खाली. अकरा वर्षं हाच रतीब. निघताना तो प्रत्येकाच्या हातात पितळेचा एक बिल्ला द्यायचा, एक ते सतरा. आकडे त्याने स्वतः छिन्नीने ठोकलेले. सतराच्या वेळी छिन्नी घसरली होती, म्हणून त्यातल्या सातचं शेपूट पार कडेपर्यंत गेलं होतं. परत निघताना मागून पुढे येत प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर टिचकी मारत डोकी मोजायची आणि खाली उतरताना दारात हात पसरून बिल्ले गोळा करायचे. डोकी सतरा, बिल्ले सतरा, की दिवस संपला.

तोंडं बघायची नाहीत, हा त्याचा नियम. नव्या पोरांनाही तो हेच शिकवायचा. तोंड बघितलं की माणूस बोलायला लागतो, फोटो कुठे मिळतील विचारतो आणि आकडा सुटतो. डोकं मोजावं आणि पुढे व्हावं. अकरा वर्षांत त्याचा एकही माणूस वर राहिला नव्हता. याची त्याला घमेंड होती, आणि त्याच्याहून दुप्पट त्याच्या सासूला.

ही सासू म्हणजे तोंडाचा पट्टा. भाजी घ्यायला गेली तरी भाजीवाल्याला जावयाच्या मोजणीचं कौतुक ऐकवून यायची. तिची एकच तक्रार होती, की जावई अख्ख्या जगाला मठ दाखवतो आणि घरच्या म्हातारीला नाही. त्या गुरुवारी ऐन वेळी एकाने तिकीट रद्द केलं. लेक खिडकीतून उठली, ऑफिसच्या वरच घर होतं तिथे गेली, आईला जाड मोजे घातले, डोक्यावरून तपकिरी शाल गुंडाळली आणि मागच्या एकट्या खुर्चीवर आणून बसवली. बिल्ला सतरा. “सांभाळून आण,” एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. तो हसला. सांभाळून आणणं म्हणजे काय, ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

वर सगळं छान झालं. म्हातारीने ग्रंथांच्या खोलीत सुद्धा कुजबुजत बडबड केली. स्वयंपाकघरातली माणूस मावेल एवढी पातेली बघून, ही घासतं कोण, असं विचारलं. पायऱ्यांपाशी मात्र तिच्या गुडघ्याने असहकार पुकारला. तेव्हा मोजणीने तिला मागच्या लहान दरवाज्याबाहेर, भिंतीच्या आडोशाला, दगडी बाकावर बसवलं. तिथे वारा लागत नव्हता.

“आई, मी आल्याशिवाय इथून उठायचं नाही.”

“पळून जायचं वय होतं तेव्हा गेले नाही, जावईबापू. आता कुठे जाते?”

गच्चीवर असतानाच दरीतून धुकं चढलं. एका बाईंना भोवळ आली. त्यांना खांद्याचा आधार देत, बाकीच्यांना हाका मारत मोजणी पुढच्या मोठ्या दरवाज्याने थेट बसपाशी उतरला. मागच्या दरवाज्याने नाही. बाई खुर्चीत टेकल्या, पाणी प्यायल्या, सगळे दाटीवाटीने चढले, तेव्हा त्याला सासू आठवली. तो वळला. मागच्या खुर्चीवर शाल होती. डोकं काचेला टेकलेलं. म्हातारी स्वतःच चालत आली म्हणायची. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात मोजलं. पंधरा, सोळा, सतरा.

अख्ख्या रस्त्यात म्हातारी एक शब्द बोलली नाही. तेव्हाच खटकायला हवं होतं. दमली असेल, रागावली असेल, असं त्याने धरलं आणि मनातून थोडं बरंच वाटून घेतलं. ड्रायव्हरला मात्र आरशात एक गोष्ट दिसत होती. सतरा माणसांच्या श्वासाने बसच्या सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. शेवटची एक सोडून. ती स्वच्छ होती. त्याने तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही, आणि आता लावायला सांगू नका, म्हणतो.

खाली पोचल्यावर मोजणी दारात उभा राहिला. हात पसरलेला, नजर तळहातावर. बिल्ला पडला की खिशात, बिल्ला पडला की खिशात. सतरावा पडला तेव्हा तो मान वर न करताच म्हणाला की आई, वर जाऊन बसा, मी आलोच. उत्तर आलं नाही.

सहा वाजता लेक घरी डोकावली तर दाराला तिने लावलेलं कुलूप तसंच होतं. मग शोधाशोध. गल्ल्या झाल्या, औषधाचं दुकान झालं, दवाखाना झाला. बसमधून उतरलेली सोळा माणसं ज्या लॉजवर होती तिथेही विचारून झालं. मागच्या खुर्चीवरच्या बाई उतरताना कोणी बघितल्या नव्हत्या. मठाचा फोन नुसता वाजत होता. संध्याकाळी सहाला तिथले दरवाजे बंद होतात आणि पहाटेपर्यंत फोनही कोणी उचलत नाही. रस्त्यावर रात्री बर्फ धरतो, म्हणून आठ वाजता घाटाच्या तोंडाशी आडवा दांडा पडतो. तो पडला की सकाळपर्यंत वर कोणी जात नाही आणि खाली कोणी येत नाही.

बस एक. ड्रायव्हर एक. आणि हातात पन्नास मिनिटं. वर जायचं की इथेच शोधायचं, यावर ते भांडण होतं.

तो म्हणत होता की आई खालीच आहे, मी स्वतः उतरवली. वर गेलो आणि ती इथे कुठे गटारात पडलेली असली तर? ती म्हणत होती की आई वर आहे. कशावरून, तर ते तिला सांगता येत नव्हतं. फक्त कळत होतं. पण बाईने कळतंय म्हटलं की पुरुषाला पुरावा लागतो, आणि याच्याकडे तर उलटा पुरावा होता. त्याने आतल्या खिशात हात घातला आणि बिल्ल्यांची मूठ काचेखालच्या फटीतून आत सरकवली.

“घे. मोज. आई वर असती तर तिचा बिल्ला खाली कसा आला?”

ती मोजू लागली. एकेक उचलून बाजूला ठेवत. चौदा. पंधरा. सोळा. सतराव्यावर तिचा हात थांबला. तिने तो उचलला. परत ठेवला. परत उचलला. मग काचेच्या भोकापाशी तोंड आणून ती एक वाक्य बोलली.

मोजणी स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत राहिला. मग पळत येऊन त्याने बसच्या दारावर थाप मारली. ती खिडकी उघडीच टाकून मागून धावत आली.

सात वाजून चाळीस मिनिटांनी दांडा ओलांडला.

घाटात बोलणं नव्हतं. वायपर काच खरवडत होते. मोजणी दाराच्या दांडीला धरून उभा. खुर्च्या सतरा रिकाम्या, पण तो बसेना. एकदा त्याने मागे बघितलं. शेवटच्या खुर्चीकडे. मग परत बघितलं नाही.

वर दिवा नव्हता. दरवाजा बंद. धुकं एवढं की बॅटरीचा उजेड हातभर पुढे जाऊन विरत होता. भिंतीला हात लावत तिघं निघाले. ती पुढे.

“आई…”

काही नाही.

“आई…”

भिंत वळली. लहान दरवाजा. त्याला आतून अडसर.

बाक.

बाकावर ती होती.

ताठ बसलेली. पाठ भिंतीला. शालीवर पांढरं दव गोठलेलं. डोळे उघडे… हलत नव्हते. लेक गुडघ्यांवर पडली. तिने आईचे गाल दोन्ही हातांत धरले. मोजणी चार पावलांवर थांबला. त्याच्याने पुढे जाववेना.

मग ओठ हलले.

“आलात का, जावईबापू?” आवाज असा होता की कागद फाटावा. “किती वेळ लावलात.”

पाच तास ती तिथे होती. मोठा दरवाजा पन्नास पावलांवर होता. सहापर्यंत तो उघडा होता. हाक मारली असती तर कोणीही आलं असतं. ती उठली नाही, तिने हाक मारली नाही. जावयाने सांगितलं होतं. तो खाली मोजेल, सोळा भरतील, की परत येईल. त्याचं कधी चुकत नाही.

तिघांनी तिला उचलून बसमध्ये आणलं. दांडा उघडायला लावला, दवाखाना गाठला. ती जगली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. उजवी मूठ मात्र उघडेना. नर्सने कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवलं, तेव्हा आतून बिल्ला निघाला. सतरा. सातचं शेपूट कडेपर्यंत गेलेलं.

तिकिटाच्या खिडकीत एक सतरा पडलेला होताच.

म्हातारीने त्या संध्याकाळचं एकदाच सांगितलं, तिसऱ्या दिवशी, लेक पाणी पाजत असताना. धुकं आलं तेव्हा शेजारी एक बाई येऊन बसली. चेहरा शालीत होता. तिने विचारलं की तुम्ही किती जण आलात? सतरा, म्हातारी म्हणाली. नेणारा नीट मोजतो का, असं त्या बाईने विचारलं. म्हातारीला तेवढंच हवं होतं. माझा जावई आहे, ती म्हणाली, अकरा वर्षांत त्याचा आकडा चुकलेला नाही.

“मग बरं झालं,” बाई म्हणाली आणि उठून गेली.

लेकीने पुढे विचारलं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपली. ती बडबडी बाई त्यानंतर तीन वर्षं जगली, पण भाजीवाल्यापाशी तिने जावयाच्या मोजणीचं नाव काढलं नाही. मोजणीने सहली सोडल्या नाहीत, पोट कोणाला सुटतं? पण तो बसमध्ये प्रत्येकापुढे वाकायचा, तोंडावर बॅटरी धरायचा आणि काहीतरी बोलायला लावायचा. लोक वैतागायचे. उत्तर आल्याशिवाय तो पुढच्या खुर्चीकडे जात नसे. सतराव्या खुर्चीवर त्याने पुन्हा कोणाला बसू दिलं नाही.

ती खाली कोण उतरली, कुठे गेली, ते कोणाला माहीत नाही. गाव तेच आहे. गल्ल्या त्याच आहेत.

इथे म्हातारा ड्रायव्हर हीटरकडे वळतो. हीटर घरघरत असतो. मग तो जाळीवरची पुरचुंडी उचलून सोडतो. रुमाल गरम असतो, इतका की तो फुंकर घालत त्याची टोकं धरतो. एक सतरा लेकीने जपून ठेवला, म्हणतो. दुसरा कोणाला घरात नको होता.

परवा त्याने तो नव्या गाइड मुलीच्या हातावर ठेवला. त्या दिवशी तिचा पहिला फेरा झाला होता, डोकी बरोबर मोजली म्हणून ती खुशीत होती. तासभर हीटरवर असलेला बिल्ला. तिने मूठ मिटली.

लगेच उघडली.

बिल्ला तिने स्टुलावर ठेवला आणि हात काखेत दाबून धरला. बराच वेळ. बाकीच्यांनी विचारलं, काय झालं? मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं की काका, खिडकीतून ती काय म्हणाली?

म्हाताऱ्याने बिल्ला रुमालाच्या चिमटीत धरून उचलला.

“म्हणाली, सोळा बिल्ले तुझ्या छातीशी राहून गरम झालेत आणि हा एक बर्फ आहे, आता मला सांग, हा ज्या हातातून घेतलास तो हात कसा होता?”