टीपकागद

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर भुताखेतांचं कुणी बोलू लागलं, की मी सरळ उठून जाणारी बाई.

दुर्मीळ जुनी छापील पुस्तकं तपासायची, त्यांची दुखणी लिहायची आणि जमतील तेवढी बरी करायची, हे माझं तीस वर्षांचं काम. त्या दिवशी भर दुपारी ग्रंथपालांनी एक पुस्तक माझ्यापुढे, जुनी पुस्तकं उघडायच्या मऊ उशीवर ठेवलं. "पान अठ्ठावन्न नाही, एवढं लिहा आणि सही करा," म्हणाले, "चहाच्या आधी होईल."

पुस्तक मी लगेच ओळखलं. मजकूर काळ्या शाईत छापलेला, पण प्रत्येक पानाचं पहिलं अक्षर मागाहून हाताने तांबडं रंगवलेलं. असं पान धुण्याआधी रंगावर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि वर टीपकागद दाबायचा. तो तांबडा झाला, तर पान पाण्यात घालायचं नाही. हे मला ताईने शिकवलं होतं. ती माझी थोरली बहीण, आणि इथली माझी वरिष्ठही.

एकदा घाईत मी तो थेंब टाकला नाही. सुटं झालेलं अठ्ठावन्नावं पान ट्रेमध्ये सोडलं आणि बघता बघता पाणी तांबडं झालं. मी इतकी घाबरले, की पानाचा लगदा करून मोरीत ओतला. पुस्तक ताब्यात घेतल्याच्या वहीत सही ताईची होती. पान तिनेच चोरलं असं ठरलं. चौकशीत साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काही माहीत आहे?" ताई माझ्याकडे बघत होती. मी मूग गिळून गप्प बसले. तिची नोकरी गेली. घरी तिने एकदाही विषय काढला नाही, आणि गेल्या वर्षी ती वारली.

मी पानं मोजू लागले. छप्पन्न, सत्तावन्न… पुढचं पान बोटांना जड लागलं. ते ओलं होतं.

अठ्ठावन्न. शेजारची पानं कोरडी ठणठणीत, आणि या एकाच पानावरचं तांबडं अक्षर हळूहळू पसरत होतं. खोलीत नळ नाही, तरी कुठेतरी टप… टप… ऐकू येत होतं. जुना कागद चिंध्यांपासूनच केलेला; तसा भिजल्या चिंध्यांचा वास सुटला होता. मी घाईघाईने पानावर टीपकागद दाबला.

"झालं का?" ग्रंथपाल दारातून आत आले. पुस्तकावर वाकून म्हणाले, "सत्तावन्न, मग एकोणसाठ. बरोबर. मधे टीपकागद कशाला?"

"तुम्हाला… पान दिसत नाही?"

"नाहीच ना ते. तुमच्या ताईंनी चोरलं, असं जुन्या नोंदीत आहे. तसंच उतरवा. आता छापील यादीत जायचंय."

ते गेले. मी पेन्सिलीने लिहिलं, 'पान चोरीला.' टप… टप… अगदी कानाशी आलं. मनगटावर काहीतरी गार पडलं. तीस वर्षांत रडले नव्हते एवढी रडले. मग ते खोडलं आणि लिहिलं, 'पान मी नासवलं. ताईचा काही दोष नाही.' सही केली.

आवाज थांबला. टीपकागद उचलला, तर खाली एकोणसाठावं पान होतं, कोरडं. मला वाटलं, सुटले.

पण तेव्हापासून कुठलंही पुस्तक माझ्या टेबलावर आलं, की तपासणी आधीच झालेली असते. रंगीत अक्षरावर पाण्याचा थेंब आणि वर दाबलेला टीपकागद. ताईची शिस्तच तशी होती. माझ्यावर तिचा विश्वास उरला नाही, की ती मला सांभाळून घेतेय, हे मला कळत नाही. मी कागद उचलून बघते आणि त्याप्रमाणे काम करते. एकदाही चूक झालेली नाही.

आज सकाळी उठले, तर एक ओला टीपकागद माझ्या उजव्या तळहातावर दाबलेला होता. त्याला तांबडं लागलंय का, ते न बघताच मी मूठ मिटली.

तुम्ही आल्यापासून बघताय. ही मूठ मी अजून उघडलेली नाही.