एकोणीस मिनिटं

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण ही गोष्ट खरी आहे.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. दुपारचे साडेचार वाजले होते, सभागृहातले सगळे पंखे गरगरत होते आणि समोर दोनशे माणसं बसली होती.

ज्याच्या बाबतीत हे घडलं, त्याला सगळे मामा म्हणतात. तो माईकवाला. तीस वर्षं त्याने सभांना माईक लावले आणि भाषण ठोकणाऱ्या जमातीबद्दलचं त्याचं मत तीस वर्षांत तसूभरही बदललं नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि तो खळखळाट मोठा करून द्यायचं काम आपलं, असं तो म्हणायचा.

त्या दिवशीची सभा मात्र त्याच्या सख्ख्या भाच्याची होती. बाविसाव्या वर्षी लढाईत गेलेल्या भाच्याची. तिसरी स्मृतिसभा.

मागच्या फलकावर स्मृती समितीच्या अध्यक्षांचा फोटो दाराएवढा होता. भाच्याचा पोस्टाच्या तिकिटाएवढा, तोही कोपऱ्यात. अध्यक्षांचं भाषण दरवर्षी तेच असायचं. हसत हसत गेला, एका क्षणात गेला, वेदना झाल्याच नाहीत. जसे काही हे शेजारीच उभे होते.

सकाळी बहिणीने मामाला बाजूला घेतलं होतं.

"दादा, एक काम करशील?"

"बोल."

"ते दोन मिनिटं उभे राहतात ना, ती या वेळी पुरी होऊ देत. मला बाकी काही नको. शाल नको, भाषण नको."

मामाला कळलं. पहिल्या वर्षी त्याने घड्याळ लावून पाहिलं होतं. दोन मिनिटांची श्रद्धांजली छत्तीस सेकंदांत उरकली होती. दुसऱ्या वर्षी अठ्ठावीस. पोरगा जिवानिशी गेला आणि यांचे दोन मिनिटांत पाय दुखतात.

"होतील पुरी," मामा म्हणाला. "माझा शब्द."

आता एक गोष्ट सांगायला हवी. सैन्यात जायच्या आधी भाचा दोन वर्षं मामाबरोबरच काम करायचा. मामाने त्याला शिकवलं होतं, माईकमध्ये फुंकायचं नाही, 'हॅलो हॅलो' करून ओरडायचं नाही. नखाने वाजवायचं. दोनदा लागोपाठ, मग थांबून एकदा.

टक टक... टक.

आवाजाच्या मिक्सरवर बसलेल्याने ऐकू आलं की हात वर करायचा. तो हात दिसेपर्यंत भाचा वाजवतच राहायचा. जेवणाचा डबा घेऊन आलेली बहीण दारात उभी राहून हे बघायची आणि हसायची.

तर, साडेचार वाजले. अध्यक्ष म्हणाले, "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

सगळे उठले. मामाने घड्याळाकडे पाहिलं आणि गुपचूप अध्यक्षांचा माईक बंद केला. आता बोंबल किती बोंबलायचं ते.

एकतिसाव्या सेकंदाला अध्यक्षांचे ओठ हलले.

कोणीच बसलं नाही. मामा मनातल्या मनात हसला.

मग त्याच्या लक्षात आलं...

माईक बंद असला तरी अध्यक्ष दहा पावलांवर होते. त्यांचा नुसता आवाज तरी यायला हवा होता. तो येत नव्हता.

पंखे फिरत होते. घरघर नव्हती.

दुसऱ्या रांगेत एक म्हातारा खोकत होता. तोंड उघडत होतं, छाती हलत होती... आवाज नव्हता.

दोन मिनिटं झाली. मामाने माईक चालू केला. काही नाही. नॉब वाढवला. काही नाही. अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला होता, पण त्यांना बसता येत नव्हतं. कोणालाच येत नव्हतं.

पाच मिनिटं. दहा. पंधरा.

आणि डाव्या स्पीकरमधून...

टक टक...

टक.

मामाने व्यासपीठाकडे पाहिलं. माईकजवळ कोणाचाच हात नव्हता.

टक टक... टक.

कुठेतरी वायर सैल आहे. तीस वर्षांच्या सवयीने मामाच्या डोक्यात तेवढंच आलं. स्पीकरमध्ये नको तो आवाज आला की माईकवाला विचार करत बसत नाही. त्याचा हात आधी जातो. मामाने नॉब खाली केला.

आवाज कमी झाला नाही.

त्याने नॉब शून्यावर आणला. टकटक चालूच. आता जरा हळू, जरा लांब... वाजवणारा दमल्यासारखी.

मामाने खाली वाकून मेन वायरच उपसली. वर पाहिलं तर पहिल्या रांगेत बहिणीचा हात वर गेलेला होता. सरळ, पंजा उघडा. ऐकू आलं.

टकटक थांबली.

पंख्यांची घरघर एकदम कानावर आली. "बसा, बसा," अध्यक्षांचा चिरका आवाज आला आणि दोनशे माणसं धपकन खाली बसली. मामाने घड्याळ पाहिलं.

एकोणीस मिनिटं.

लोक पोटऱ्या चोळत बसले. "यंदा जरा लांबलं," म्हणत अध्यक्ष चहाकडे पळाले. एवढं घडलं तरी त्या माणसाला चहाच दिसला.

बाहेर कुबडी घेतलेला एक तरुण उभा होता. भाच्याच्याच तुकडीतला, वायरलेसवरचा. लढाई पाहून आलेला तो एकटाच, म्हणून त्याला व्यासपीठावर जागा नव्हती.

"मामा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ते सांगतात तसं नव्हतं. त्याच्या गळ्याला लागलं होतं. बोलता येत नव्हतं. सेटवर नुसती टकटक येत होती. दोन, मग एक. साहेब म्हणाले, सेट बिघडलाय, आवाज कमी कर."

"मग?"

"मी कमी केला."

"किती वेळ वाजत होतं?"

तरुणाने दारातून सभागृहाच्या घड्याळाकडे पाहिलं फक्त.

मामाला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. पण कोणत्या तोंडाने देणार?

बहीण कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडत नव्हती.

"दादा, तू वायर काढलीस, त्याच्या आधी माझा हात दिसला असेल ना त्याला?"

कोणतं आधी झालं, मामाला माहीत नाही. आजही नाही. टकटक कशाने थांबली, तिच्या हाताने की त्याच्या, हे तो कोणाला विचारणार? आता माईक लावला की तो नखाने वाजवतो आणि रिकाम्या सभागृहात स्वतःच हात वर करून उभा राहतो, बराच वेळ. लोक हसतात. तसा आवाज पुन्हा कधी आलेला नाही.

त्या दिवशी मात्र तो बहिणीला म्हणाला, "दिसला."

तीस वर्षं खोटं बोलणाऱ्यांना माईक लावून दिले. तेवढं तर तोही शिकला होता.