शनिवारची क्रेन

वर्गाच्या दारातच हर्षा थबकली. तिच्या टेबलावर, काल जाताना तिनेच पुसून ठेवलेल्या टेबलावर, एक उंच माणूस बुटांसकट उभा होता आणि छताच्या हुकात सुतळी ओवत होता. खाली तिसरीची सगळी पोरं माना वर करून, तोंडं उघडी टाकून बघत होती.

"नीचे उतरिए!"

"दो मिनट, मैडम जी..." त्याने वळूनही पाहिलं नाही.

बोरसीहून कुरुदपर्यंत धुक्यात स्कूटी हाकून हर्षाची बोटं बधिर झाली होती. डोकं तेवढं तापलेलं होतं. "कायचे कायचे माकडं येऊन राह्यले बाप्पा, सकाळी सकाळी," ती पुटपुटली. मराठी घरात बोलायची भाषा, या हिंदी शाळेत ती कोणाला कळणार, हा तिचा भरवसा.

सुतळी थांबली. तो वळला आणि गालभर हसला.

"माकड नाई मॅडम. क्रेन ऑपरेटर."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं हर्षाला झालं. पण धरणी जागची हलली नाही, आणि तोही टेबलावरून हलला नाही.

तो पीयूष हटवार. स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचा आणि हर्षाच्या वर्गातल्या शालूचा सख्खा काका होता. शनिवारी शाळा सकाळची आणि बिनदप्तराची. पुस्तकं बाजूला ठेवून मुलांनी हातांनी काहीतरी शिकावं, म्हणून मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका शीला मॅडम, आसपासच्या कोणाकोणाला बोलवायच्या. कोणी कुंभारकाम शिकवलं, कोणी ढोलक. तिसरीच्या नशिबी हा आला.

त्याने पुठ्ठा, रिकामी रिळं आणि सुतळी घेऊन वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत क्रेन उभी केली. मग पोरांना इशारे शिकवले. कारण खऱ्या क्रेनवर ऑपरेटर उंच केबिनमध्ये बसतो, खाली एवढा आवाज की ओरडून उपयोग नाही. बोट वर करून गोल फिरवलं की माल उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. दोन्ही हात बाजूला ताणून, तळवे जमिनीकडे करून हलवले की... थांब!

"ऑपरेटर एकच आदमी का सिग्नल मानता है," त्याने सांगितलं. "सिर्फ़ एक का. लेकिन स्टॉप? स्टॉप कोई भी दे सकता है. झाडूवाला दे, साहब दे, रास्ते से जाने वाला दे. हाथ दिखा, तो रुकना है."

सिग्नलवाला म्हणून मोहित निवडला गेला, कारण तो सगळ्यात जोरात रडला. मग पीयूषने आपल्या थर्मासमधून स्टीलच्या पेल्यात चहा ओतला, पेला क्रेनला टांगला, आणि मोहितच्या बोटाच्या इशाऱ्यावर तो पेला हिंदकळत, गिरक्या घेत हर्षाच्या टेबलाकडे निघाला.

"मले चहा नको आहे," हर्षा म्हणाली.

"माल निघाला मॅडम. आता मधात नाई थांबवता येत."

"तुम्हीच म्हटलं ना, स्टॉप कोणीही देऊ शकते म्हणून!"

"मंग द्या नं..." तो तिच्याकडे बघत राहिला.

सगळ्या वर्गासमोर हात पसरून उभी राहायला ती काय खुळी होती? तिने हात दिला नाही. पेला उतरला, अर्धा चहा हजेरीपटावर सांडला. उरलेला अर्धा तिने रागारागात पिऊन टाकला. आलं घातलेलं होतं. चांगला होता, मेला.

त्यानंतर हर्षाच्या आठवड्याला काही अर्थच उरला नाही. सोमवारी पाढे, मंगळवारी वाचन, बुधवारी वजाबाकी, अशी ती शुक्रवारपर्यंत वीट वीट रचायची आणि शनिवारी तो येऊन सगळं पाडून जायचा. पोरं हात वर करायची सोडून बोटं गोल फिरवू लागली. लघवीला जायचं तर एक इशारा, पाणी प्यायचं तर दुसरा. सातचा पाढा ऐन रंगात आला की कोणीतरी दोन्ही हात पसरायचं आणि अख्खा वर्ग जागच्या जागी गोठायचा. तोंडं उघडी, पाढा अर्धवट.

"तुमच्यामुळं माझं डोकं फुटून जाईल एक दिवस," ती त्याला म्हणायची.

"हेल्मेट आणून देऊ का?"

"तुम्हाला कधी सरळ बोलता येत नाही का हो?"

"येते नं. पण मंग तुमी रागावत नाई... अन् तुमी रागावल्या की नाक लाल होते. मले ते पाहाले भेटत नाई मंग."

हर्षाने मान झटकन फळ्याकडे वळवली. खडू हातात होता, पण काय लिहायचं होतं ते काही केल्या आठवेना. आणि चहा दर शनिवारी यायचा. दर खेपेला जरा कमी सांडायचा.

मग फेब्रुवारीत पाहुणे आले. वरच्या ऑफिसातले एक साहेब, मुलांचं वाचन तपासायला. हर्षाने या दिवसासाठी जीव काढला होता. शालू उठली, पुस्तक धरलं, छान सुरुवात केली. एवढ्यात साहेबांनी बाजूची खुर्ची ओढायला हात लांब केला, आणि मोहितला वाटलं की हा स्टॉपच! त्याने लगेच दोन्ही हात पसरले. शालू गप्प, वर्ग गप्प. साहेबांनी विचारलं, हर्षाने विनवलं, डोळे वटारले... कोणी ओठ हलवेना. साहेब कपाळाला आठ्या घालून निघून गेले.

हर्षा तडक शीला मॅडमच्या खोलीत गेली. "ते हटवार उद्यापासून माझ्या वर्गात नकोत. एक तर ते, नाहीतर मी."

"ठीक आहे," शीला मॅडम म्हणाल्या. "तुझा वर्ग, तुझी मर्जी. मी आजच फोन करते."

एवढं सहज होईल असं तिला वाटलं नव्हतं. थोडी तरी हुज्जत घालायची की नाही माणसाने!

त्या शनिवारी पोरांनी मुकाट्याने चित्रं रंगवली. एकही रीळ घरंगळलं नाही. हर्षाला हवी होती तशी शांतता होती आणि ती शांतता तिला खायला उठली. छताच्या हुकाला रिकामा पेला तसाच लोंबत होता. तिने दाराकडे पाहिलं. मग स्वतःवरच चिडून खिडकीकडे पाहिलं. पुढचा शनिवारही तसाच गेला, आणि सुट्टी होताना शालू हळूच जवळ आली.

"मॅडम, काका आता नाई येणार?"

"त्यांना वेळ नसेल."

"पहिले त्याच्या संग काम करणाऱ्या प्रवीणकाकाची नाईट मागून घे नं तो, शुक्रवारची, म्हणजे शनिवारची सकाळ मोकळी. रातभर क्रेन चालवे अन् सकाळी न झोपता शाळेत ये. आता म्हणते, मॅडमले त्रास होते तर कायले जाऊ... आता शनिवारी सकाळीच जाते ड्यूटीले. दोन वाजता सुटते."

रात्रभर जागून! आणि आपण म्हणायचो, डोळे एवढे लाल कसे, काही पिता-बिता की काय? हर्षाने हजेरीपट फाडकन मिटला. "मूर्ख माणूस," ती म्हणाली. कोणाला, ते शालूला कळलं नाही.

दोन वाजता ती प्लांटच्या गेटसमोर, रस्त्याच्या अलीकडे उभी होती. भोंगा झाला आणि गेटातून मोटारसायकली, स्कूटर, सायकली यांचा लोंढा सुटला. हॉर्न, धूळ, उन्हात चमकणारी हेल्मेटं. या गर्दीत तो दिसणार कसा? पण दिसला. पलीकडच्या कडेने, मोटारसायकलवर मान खाली घालून, तिच्या समोरून निघून चाललेला.

"पीयूष!" आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला नावाने हाक मारली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही. "अहो... थांबा नं!"

तो पुढे सरकत होता. आता गेला तर पुन्हा तिच्याकडून येणं व्हायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग हर्षा मॅडम, ज्यांनी भर वर्गात कधी हात दिला नाही, त्या रस्त्याच्या कडेला सरसावल्या आणि दोन्ही हात ताणून, तळवे खाली करून जोरजोरात हलवू लागल्या.

करकचून ब्रेक लागले. एकाचे नव्हे. पहिली रांग थांबली, तिच्या मागची थांबली, एक सायकलवाले काका तर पाय टेकून चक्क अटेन्शनमध्ये उभे राहिले. सगळं आयुष्य प्लांटमध्ये काढलेली माणसं. हात दिसला की थांबायचं, हे त्यांच्या अंगातच भिनलेलं. गेटवरचा जवान शिट्टी फुंकायची विसरला.

थांबलेल्या गर्दीत पीयूषने मान वर केली.

तो गाडी कडेला लावून आला तेव्हा तिचे हात तसेच पसरलेले होते. "काय झालं मॅडम? शालू बरी आहे नं?"

"शालू बरी आहे. मी बरी नाही." ती एक पाऊल पुढे आली. "तुम्ही मले विचारलं तरी का? शीला मॅडमनं फोन केला अन् चालले गेले? भांडाले तरी यायचं होतं!"

"तुमीच म्हटलं..."

"मी काहीही म्हणते! रागात म्हणते. रोज म्हणते!" डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला. "तुम्ही येत नाही तर मले करमत नाही. झालं समाधान?"

मागून हॉर्न सुरू झाले.

"हात तरी खाली घ्या," तो हळूच म्हणाला. "लोक थांबून राह्यले."

तिने हात खाली घेतले. गर्दी पुन्हा वाहू लागली, जाताजाता हसत, वळून बघत.

"स्टॉप तर मी कोणाचाही मानतो," तो म्हणाला. "पण बाकीचे सिग्नल... एकाचेच मानतो मी. माहीत आहे नं तुमाले?"

"माहीत आहे." हर्षाने पदर सारखा केला. नाक लाल झालं असणार, पण आता झालं तर झालं. "मोहितला काढून टाका. आजपासून मी."

"कायमचं?"

"नाहीतर काय शनिवारपुरतं?" ती उसळली. "अन् ती नाईट नका मागून घेऊ. झोपून या. चहा मी आणीन."

"मंग तो तुमच्याकडून माझ्याकडं येईल?"

"हाव. अन् सांडला एक थेंब, तर बघा!"

तो हसला, त्या पहिल्या दिवसासारखा, गालभर. मग गाडीजवळ गेला, किक मारली, आणि जागचा न हलता तिच्या हाताकडे बघत बसला.

हर्षाने कपाळावर हात मारला. इकडेतिकडे पाहिलं, आणि एक बोट वर करून हळूच गोल फिरवलं.

तेव्हा कुठे तो निघाला.