राहूच्या गुऱ्हाळावरचं भूत

गिऱ्हाइकाला वस्तू कशाला हवी हे विचारू नये, असं रहीमभाईंनी लेकीला बजावलेलं होतं. राबिया एरवी विचारतही नसे. पण दसऱ्याच्या आधीच्या एका टळटळीत दुपारी मांडवगणच्या त्या छोट्या इलेक्ट्रिकच्या दुकानात एक उंच, घामेजलेला तरुण शिरला, त्यानं बॅटरी मागितली आणि आपण होऊनच म्हणाला, "भूत बघायचंय."

राबियानं हातातली दोन सेलची बॅटरी परत फळीवर ठेवली आणि वरची मोठी काढली.

"मग तीन सेलची घ्या. दोन सेलच्या उजेडात भूत आन् बाभूळ सारखंच दिसतंय."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटायचा. हे राबियाच्या लक्षात आलं, आणि आपल्या हे लक्षात आलं, हेही लक्षात आलं. तशी ती थंड डोक्याची. मैत्रिणींच्या लग्नात सगळ्या रडायच्या तेव्हा ही मांडवाची वायरिंग कुणी केली ते बघायची.

त्याचं नाव मुजीब. नदीपलीकडच्या राहूचा. हौसराव आबांचं गुऱ्हाळ त्यानं यंदा चालवायला घेतलं होतं, आणि घेतल्यापासून तिथं भूत उठलं होतं. दिवस मावळला की आवारात कुणीतरी लोखंडावर दणका घातल्यासारखा आवाज यायचा— ठण्ण. थोड्या वेळानं पुन्हा ठण्ण. गूळ उतरवणारे म्हस्कूमामा चौथ्या दणक्याला आपल्या टोळीसकट बिऱ्हाड उचलून गावात गेले. गुळव्याच नाही म्हटल्यावर गुऱ्हाळ पेटवणार कोण?

"आन् न्हाई पेटलं तर?"

"तर दिवाळीनंतर सौदीत, जेद्दाला. सख्खे मामा हायत तिथं. एसी दुरुस्तीचं काम बघून ठेवलंय." त्यानं खिशातून काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. "केबलवर दाखवतात ना, गोरी माणसं भूत शोधत्यात… ती गारवा मोजत्यात. म्हणून हे पण घेतलं मेडिकलमधनं."

ते तापाचं थर्मामीटर होतं. राबियानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"भुताच्या काखंत लावणार का जिभंखाली?"

"ते… भूत कसं हाय त्यावर."

तिनं ओठ घट्ट मिटले, पण उशीर झाला होता. हसू त्याला दिसलं होतं.

"दिवसा जागा बघितली का नीट?" तिनं विचारलं.

"दिवसा भूत नसतंय."

"साप असतोय. उघडी वायर असती, कठडा नसलेली विहीर असती. भूत चावून मेलेलं माणूस मी अजून बघितलं न्हाई. आधी दिवसाउजेडी सगळं आवार फिरून या. वीज कुठनं येती, पळायची वाट कुठली, ते बघा. मग सांजंचं."

मुजीब गेला. बाजाराच्या दिवशी परत आला, आवार फिरून आल्याचं सांगायला. तिनं त्याला गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्यायला पाठवलं. मग गमबूट दाखवायला तो आला. मग काठी झाली, शिट्टी झाली, भुताचा आवाज धरायला टेपरेकॉर्डर झाला, जादा सेल झाले, मलमपट्टीचं सामान झालं. दर खेपेला एकच गोष्ट. हे सगळं एका फेरीत नेता आलं असतं, हे त्याला कळत होतं, तिलाही कळत होतं आणि समोरच्या हॉटेलात भजी खात बसणाऱ्यांना तर पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

"आता काय राहिलं?" एकदा त्यानं विचारलं. काउंटरवरच्या काचेवर तो बोटानं उगाच रेघा ओढत होता.

"माणसं. एकट्यानं जायचं न्हाई. तिघं तरी पायजेत. एकाला काय झालं तर एक जवळ थांबायला आन् एक बोलवायला जायला."

"म्हस्कूमामांना कसंबसं राजी केलंय. मी धरून दोघं. तिसरं कोण यायलाच तयार न्हाई…" रेघा थांबल्या. "तुम्ही…"

राबियानं होल्डरचा डबा उघडला, उगाच मोजल्यासारखं केलं आणि बंद केला.

"आईला विचारते."

"आईला?"

"मी एकटी येईन आसं वाटलं व्हय तुम्हाला?"

तिची आई नूरबी इतक्या चटकन तयार झाली, की राबियाला तेव्हाच शंका यायला हवी होती. रहीमभाई नुसते पेपरामागं गेले.

शेवटची सूचना राबियानं निघायच्या दोन दिवस आधी दिली, आणि तीच अंगाशी आली. कुठं जाणार, कोण कोण येणार, कधी परतणार, हे चार जाणत्या माणसांना सांगून ठेवायचं. जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, पोलीस पाटलांच्या कानावर घालायचं, घरात सांगायचं. मुजीबनं ते मन लावून केलं. हौसराव आबांना सांगितलं, पाटलांना सांगितलं, आईला सांगितलं— रविवारी दिवस मावळायच्या आत मांडवगणच्या रहीमभाईंच्या घरची बाई आणि त्यांची मुलगी गुऱ्हाळावर येणार आहेत. भुताचंही सांगितलं. पण ते कुणाच्या डोक्यात राहिलं नाही. मुलगी आपल्या आईला घेऊन मुलाचा कामधंदा बघायला येतेय म्हटल्यावर आपल्याकडं अर्थ एकच निघतो.

रविवारी मायलेकी जीपमधून उतरल्या तेव्हा गुऱ्हाळाचं आवार झाडून सडा घातलेला होता. सतरंज्या अंथरल्या होत्या. हौसराव आबा नवा फेटा बांधून बसले होते, मुजीबची आई पुलावाच्या डेगेजवळ उभी होती, आणि या सगळ्यांच्या मधोमध गमबूट चढवलेला, गळ्यात शिट्टी आणि टेपरेकॉर्डर लटकवलेला मुजीब, वरातीत चुकून शिरलेल्या वायरमनसारखा दिसत होता.

"एवढी माणसं?" राबियानं हळूच विचारलं.

"मला वाटलं, भूत बघायला आली असतील," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

बायका तिला आपादमस्तक न्याहाळायला लागल्या तशी राबिया आवाराच्या कडेला सरकली. तिथं उसाचा रस आटवायची काहील पालथी घातलेली होती. खाटेपेक्षा रुंद, काळ्या पत्र्याची. सूर्य उसाच्या शेंड्यांखाली उतरला. अंगावरून गार झुळूक गेली.

ठण्ण.

वाढणारे हात थांबले. म्हस्कूमामा उठले. हौसराव आबांनी त्यांचं धोतर पकडलं.

राबिया दचकली हे खरं. पण दणका तिच्या पायाशी झाला होता. तिनं वाकून काहिलीवर तळवा ठेवला आणि लगेच उचलला.

"मुजीब, हिकडं या. हात लावा."

त्यानं हात लावला. पत्रा अजून चुलीवरून उतरून निवत आलेल्या तव्यासारखा गरम होता. बघता बघता तो हाताखालीच थरथरला, आणि पुन्हा ठण्ण झालं. मुजीबचं तोंड पडलं.

"ही दर वर्षी आत छपरात असती," तो म्हणाला. "घासायला म्हणून मीच बाहेर काढली. आन् उनात तशीच पालथी ठिवली. दिसभर तापती… सांजंला गार पडताना पत्रा आवळतोय."

"म्हंजी भूत तुम्हीच व्हय," म्हस्कूमामा लांबूनच म्हणाले.

"व्हय मामा."

मामांनी यावर बराच विचार केला. पत्र्याचं त्यांना फारसं पटलेलं दिसलं नाही. त्यांनी डेगेकडं पाहिलं, नूरबीकडं पाहिलं, आणि खाली बसले.

"आसंल बी, नसंल बी. पर जिथं सोयरिकीचा भात खाल्ला तिथनं पळून जाता येत न्हाई मानसाला. परवा टोळी घिऊन येतो."

सोयरीक हा शब्द स्वतःबाबत मुजीबनं तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यानं फेट्याकडं पाहिलं, सतरंज्यांकडं पाहिलं, आईच्या ठेवणीतल्या साडीकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"राबिया, मी… मी फक्त कोण येणार तेवढंच सांगितलं होतं. शप्पत. लोकांनी बाकीचं…" तो अडखळला. "मी सांगतो सगळ्यांना. आत्ता. तुमच्या नावाला बोल लागाया नको."

"आन् म्हस्कूमामा परत गेले तर?"

"जाऊ द्यात."

"मग?"

"मग जेद्दा." तो वळलासुद्धा.

आयुष्यात पहिल्यांदाच राबियाच्या थंड डोक्यानं तिला काही सुचवलं नाही. तिनं पुढं होऊन त्याच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा धरला.

"नका सांगू."

"पर ते खोटं…"

"खोटं न्हाई." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुम्ही गेलात तर मला करमायचं न्हाई. दुकानात बसवायचं न्हाई. बाजाराच्या दिवशी सकाळपासनं मी रस्त्याकडं बघत असते… मला तुम्ही हवेत."

मुजीबचा तो एक डोळा हळूहळू मिटत गेला.

"परत एकदा सांगता का?"

"न्हाई."

"मी जेद्दाला न्हाई जात."

"ते मी ऐकलं," ती म्हणाली, आणि पट्टा सोडला. तो सोडायला तिला जरा वेळ लागला.

ती आईशेजारी जाऊन बसली. मुजीब गमबूट काढून पुरुषांच्या पंगतीत गेला, तिथं आबांनी सरकून त्याला जागा दिली. नूरबीनं लेकीच्या तोंडाकडं एकदाच नीट पाहिलं, पदर सारखा केला आणि मुजीबच्या आईला विचारलं, "तुमच्या पोराला तिखट सोसतंय का ओ? आमच्या हिचा हात जरा जड हाय."