एकुलता एक संदर्भ

"अख्ख्या जगात मिळून माझ्या रिसर्च पेपरचा एकानं संदर्भ दिलाय, ताई! एकानं! आणि तोही कशासाठी, तर मला खोडून काढायला!"

टॅक्सीच्या टपावर पाऊस तडतडत होता, म्हणून ती फोनवर जरा मोठ्यानंच बोलत होती. ती लहान मुलांच्या मेंदूविकारांची डॉक्टर, परिषदेला निघालेली. स्टेशनबाहेर एकच टॅक्सी उरली होती, म्हणून तिकडेच जाणाऱ्या एका उंच, चिंब भिजलेल्या माणसाला तिनं शेजारी जागा दिली होती. तो बिचारा आता दाराला अधिकाधिक चिकटत चालला होता.

"खडूस म्हाताराच असणार गं! आयांनी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंवर विसंबू नका म्हणे. आयुष्यात कधी रडकं बाळ कडेवर घेतलं नसेल मेल्यानं!"

तिनं फोन ठेवला. शेजारून हळूच आवाज आला, "भाचा घेतलाय... त्यानं शर्टही खराब केला होता."

तिनं वळून पाहिलं. माणूस तरुण होता, आणि कानापर्यंत लाल झाला होता.

"तो खडूस म्हातारा... मीच."

क्षणभर तिला टॅक्सीतून उडी मारावीशी वाटली. मग ती सावरून म्हणाली, "बरं झालं. आता तोंडावर भांडता येईल!"

आणि ती भांडली. काही तान्ही बाळं अचानक हात फेकतात, मान टाकतात. घरचे म्हणतात, दचकलं, पोटात दुखत असेल. पण कधीकधी ती आकडी असते, आणि उपचाराला उशीर झाला की बाळाची समज मागे पडते. दवाखान्यात आणेपर्यंत बाळ गाढ झोपलेलं! म्हणून तिचं म्हणणं होतं, की आयांना व्हिडिओ काढू द्या, आम्ही ओळखू. त्याचा पेपर आला आणि तिच्या विभागप्रमुखांनी सुनावलं, "हा नाद सोड, नाहीतर तुझी ही व्हिडिओंची ओपीडी बंद."

"माझ्या पेपरमुळे?" दाराला चिकटायचं विसरून तो तिच्याकडे वळला.

"एकदा या ना माझ्याकडे," ती म्हणाली. "भिता का?"

"तुम्हाला? थोडा..."

परिषद संपली आणि तो खरंच तिच्या ओपीडीत आला. समोर एक आई बसली होती, मांडीवर झोपलेलं बाळ. "सासूबाई म्हणतात, उगाच घाबरतेस," असं म्हणत तिनं मोबाइल पुढे केला. त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं.

"दचकणंच वाटतंय."

"एकदा झालं तर दचकणं. असं एकामागून एक, रांगेनं दचकतं का कुणी?"

मेंदूचा आलेख काढला. आकडीच होती. उपचार लगेच सुरू झाले. आई रडत होती, आणि ती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्यानं बाळाकडे पाहिलं, आणि तिच्याकडेही.

"पेपरसाठी आम्ही व्हिडिओचे तुकडे केले होते," तो म्हणाला. "एकेक झटका सुटा पाहिला. रांग कधी पाहिलीच नाही. पुन्हा अभ्यास करूया, दोघं मिळून. मी चुकलो असेन तर सगळ्यांसमोर सांगेन."

"आणि मी चुकले असेन तर?"

"तर... तुमच्या कानात सांगेन."

दोघांच्याही दवाखान्यांतून व्हिडिओ जमू लागले. रोज संध्याकाळी फोन. आधी बाळांबद्दल, मग भाच्याबद्दल, मग कशाबद्दलही नाही. एकदा तो बोलून गेला, "जेवलीस का?" मग घाईघाईनं, "म्हणजे... जेवलात का?"

"पहिलंच बरं होतं," ती म्हणाली, आणि फोन ठेवून एकटीच हसत बसली.

निकाल लागला. आयांचे मोबाइल खरे ठरले! दोघांचा पेपर छापून आला आणि संदर्भांची रीघ लागली. जिथे मेंदूचा डॉक्टरच नाही अशा लांबच्या गावांतले दवाखाने कळवू लागले, तुमच्या पेपरमुळे आमच्याकडचं बाळ वेळेत सापडलं. असा प्रत्येक निरोप ती त्याला वाचून दाखवायची.

पुढच्या परिषदेत तो व्यासपीठावर उभा राहिला. "माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "ज्यांना मी खोडलं, त्या बरोबर होत्या." सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेत तिचे विभागप्रमुख उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बाहेरच्या जिन्यावर त्यानं तिला गाठलं.

"अजून एक मत बदलायचंय. लग्न करणार नाही, असं मी घरी सांगत आलोय..."

"पुरावा काय मिळाला?" तिनं विचारलं.

"तू."

"एकाच व्यक्तीवरून निष्कर्ष? घाईचं वाटतं हो, डॉक्टर—"

"अख्ख्या जगात एकच आहे. काय करू?"

आयुष्यात पहिल्यांदाच ती वादात हरली होती, आणि तिला ते फार आवडलं होतं.

"मान्य," ती म्हणाली.

आतून फोटोसाठी हाका येत होत्या. तिनं त्याचा हात धरला आणि सगळ्या बड्या प्राध्यापकांच्या देखत, तो न सोडता, थेट मधोमध जाऊन उभी राहिली.