लिफ्टवाल्याचा जबाब

मी सहसा असलं काही लिहीत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि स्वतःवर त्याहून कमी. तेव्हा हे वाचून कुणी हसलं तरी माझी तक्रार नसेल. पण यातलं काहीही मी वाढवून सांगितलेलं नाही. वाढवून सांगायला जी धिटाई लागते, ती माझ्यात कधीच नव्हती.

चौदा मार्च, गुरुवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

वेळ इतकी नेमकी आठवते, कारण ती माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे.

मी तेव्हा एका वकीलबाईंच्या ऑफिसात कारकून होतो. एकतीस वर्षं. बाईंकडे बहुतेक एकाच तऱ्हेची माणसं यायची. दुसऱ्याच्या जागेत जायबंदी झालेली. कुणी मोडक्या जिन्यावरून घसरलेला, कुणाच्या डोक्यावर दुकानाची पाटी पडलेली, कुणी उघड्या खड्ड्यात गेलेला. जागेचा मालक म्हणायचा, बघून चालायला काय झालं होतं? मग बाईंना दाखवून द्यावं लागायचं, की हा धोका मालकाला आधीपासून ठाऊक होता. ते दाखवता आलं तर खटला उभा राहायचा. नाहीतर नाही.

माझं काम जबाब लिहून घेण्याचं. माणूस बोलायचा, मी लिहायचो. मग एकेक परिच्छेद त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचो. तो "बरोबर" म्हणाला की पुढचा. बाईंचा दंडक होता... आधी तारीख, मग वेळ, मग माणूस. समोरच्यानं तोंड उघडण्याआधी कागदाच्या डोक्यावर तारीख आणि वेळ पडलीच पाहिजे.

यात मी कधी चुकलो नाही. दुसरं काही मला येतही नव्हतं.

त्या वर्षीचा एक खटला घरातलाच होता. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा.

भाची एका पाच मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतायची. हाताखाली सहा मुली. त्या तिला मास्तरीणबाई म्हणायच्या. एका संध्याकाळी काम सुटल्यावर तिनं लिफ्टची जाळी ओढली. जाळी सरकली. लिफ्ट मजल्यावर नसेल तर ती सरकता कामा नये, खटका अडकतो.

लिफ्ट पाचव्या मजल्यावर होती.

भाचीनं पाऊल टाकलं...

वाचली. पण कमरेखालचं अंग त्या दिवसापासून तिचं राहिलं नाही. वय एकोणतीस.

तिचा जबाब घ्यायला मी बहिणीकडे गेलो. एरवी जबाब ऑफिसातच व्हायचे. पण ही घरची पोर.

"मामा, सावकाश लिहा," ती पलंगावरून म्हणाली. "मी कुठं पळून चालले नाही."

आत बहिणीनं भांडं आपटलं. "आली मोठी विनोद करणारी."

"मग काय रडू? तू रडतेस तेवढं दोघींना पुरतंय."

मी खाली मान घालून लिहीत राहिलो. वाचून दाखवलं. ती "बरोबर, बरोबर" म्हणत गेली. मग मी टोपण लावत असताना हळूच म्हणाली, "भरपाईचं काय ते बाई बघतील. मला एक वाक्य पाहिजे मामा. कोर्टाच्या कागदावर. की माझी चूक नव्हती."

"ती नव्हतीच."

"तुम्ही म्हणणारच हो. मालकाच्या माणसांनी उठवलंय, फोनवर बोलत होती, लक्ष नव्हतं. फोन पर्समध्ये होता माझा. पण आमच्या मुली भेटायला येतात ना, त्यासुद्धा विचारतात, तू नीट बघितलं होतंस ना गं? इतक्यांदा विचारतात, की आता मलाच वाटायला लागलंय..."



ते वाक्य मिळवून देणारा जगात एकच माणूस होता. त्या इमारतीचा लिफ्टवाला. खटका बिघडलाय हे मालकाला कुणी सांगितलं असेल, तर त्यानंच. पण अपघातानंतर त्यानं काम सोडलं, राहती खोली सोडली, आणि कुठं गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी चार महिने शोध घेतला.

आणि मग तो गुरुवार आला.

आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. जिना लाकडी, मांजर आलं तरी करकरायचा. बाई कोर्टात गेल्या होत्या. मी एकटाच. हातातलं काम संपलं होतं, म्हणून पुस्तक वाचत बसलो होतो.

जिना वाजला नाही. एवढं मी शपथेवर सांगतो.

मी पान उलटलं. वर बघितलं...

समोरच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता.

खाकी शर्ट. डाव्या भुवईवर आडवा व्रण. भाचीनं वर्णन केलेला, अगदी तोच.

"जबाब द्यायचाय," तो म्हणाला.

मी खुर्चीतून अर्धा उठलो. भीतीनं नव्हे, आनंदानं. कुठं होतात इतके दिवस, वर कधी आलात, हे विचारायला हवं होतं. पण माणसांना प्रश्न विचारायचं मला जमत नाही. कागदावरचे सोडून. मी कागद ओढला. तारीख लिहिली. घड्याळ बघून वेळ लिहिली.

"तिसऱ्या मजल्याचा खटका झिजला होता," तो सांगू लागला. "मालकांना तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, तू लिफ्ट चालव, मला चालवू नको."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा नुसतं बघितलं माझ्याकडं. मग मीच जाळीला दोरी बांधली. लाल. चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी कुणीतरी जागा भाड्यानं घ्यायला बघायला येणार होतं. मालक म्हणाले, हे बरं दिसत नाही, काप."

"कुणी कापली?"

"मीच की."

डोक्यावर पंखा जोरात फिरत होता. माझ्या टेबलावरचे कागद वजनाखाली फडफडत होते. त्याचे केस विरळ होते, भुरभुरीत...

एकही हलत नव्हता.

"त्या संध्याकाळी तुम्ही कुठं होतात?"

"पाचव्यावर. खाली जाळी सरकल्याचं ऐकलं. म्हटलं, आता हाक येईल. लोक हाक मारतात ना, लिफ्ट, म्हणून. मी थांबलो हाकेसाठी. अजून आली नाही."

हे शेवटचं मी लिहिलं नाही. जबाबात बसत नव्हतं.

मग वाचून दाखवलं. पहिला परिच्छेद. "बरोबर." दुसरा. "बरोबर." तिसरा वाचताना मान खाली होती, कागदावर. तिसरा संपला...

"बरोबर."

हे समोरून आलं नाही. माझ्या उजव्या कानापाशी आलं, कुणी खांद्यावरून वाकून कागद बघावा तसं.

मी वर बघितलं. तो खुर्चीतच होता. हात मांडीवर.

मला ऐकण्यातला भास वाटला. माझ्या बाबतीत मी नेहमी तेच धरून चालतो.

"सही करता?" मी विचारलं.

"हात चालत नाही."

मी शाईचा पॅड पुढे केला. कितीतरी दिवस न वापरल्यानं कोरडा पडला होता. अंगठा आम्हीच धरतो, नीट उमटावा म्हणून. मी त्याचा अंगठा धरला.

गार असता तर बरं झालं असतं. गारही नव्हता, ऊनही नव्हता. धरलाय हे फक्त दिसत होतं.

ठसा मात्र स्वच्छ उमटला. रेघ न् रेघ.

"जरा पाणी," तो म्हणाला. मी आतल्या खोलीत गेलो, पेला भरला, बाहेर आलो...

खुर्ची रिकामी होती. जिना गप्प होता.

बाई आल्या तेव्हा मी तो पेला तसाच हातात धरून उभा होतो. बाईंनी जबाब उभ्याउभ्याच वाचला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काका, जिंकलो आपण." मी भाचीला फोन करून सगळं सांगितलं.  ती एवढंच म्हणाली, "दोरी बांधली होती त्यांनी?"

त्या रात्री ती औषधाशिवाय झोपली, असं बहिणीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

शनिवारी बाई आणि मी त्याच्या पत्त्यावर गेलो. जबाबाच्या वेळी त्यानं सांगितला होता, शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा. साक्षीला कधी यायचं ते समजावून सांगायचं होतं. दार मुलीनं उघडलं. चाळिशीची, परिचारिकेच्या पोशाखात, कामावर निघालेली.

"बाबा सोमवारी वारले," ती म्हणाली.

"कुठल्या सोमवारी?" बाईंनी विचारलं.

"याच. अकरा तारखेला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पायांकडे. मग बाईंनी जबाबाचा कागद तिच्या हातात दिला. ती वाचत गेली, आणि दाराच्या चौकटीला टेकली.

"दोरीचं तुम्हाला कुणी सांगितलं? हे त्यांनी मला एकटीला सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात."

परत येताना टॅक्सीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. ऑफिस जवळ आल्यावर म्हणाल्या, "काका, तारीख चुकली असेल ना तुमची? सात तारखेलाही गुरुवारच होता. सातला ते जिवंत होते. जिवंत माणसानं दिलेला जबाब निदान न्यायाधीशांपुढे ठेवता तरी येईल."

मला कळलं त्या काय म्हणतायत ते.

"चुकली असेल," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी ब्लेडनं चौदा खरवडले आणि वर सात लिहिले. बाईंनी बघितलं, मान हलवली, कागद कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी कपाट उघडलं. कागद काढला...

चौदा.

खरवडल्याची खूण नाही. कागद कोराकरकरीत. अक्षर माझं.

मी पुन्हा खरवडलं. मंगळवारी पुन्हा चौदा. मंगळवारी बाईंनी माझ्या हातातून ब्लेड घेतलं, स्वतः खरवडलं, स्वतःच्या अक्षरात सात लिहिले आणि कपाटाची किल्ली घरी नेली.

बुधवारी त्यांनी कागद काढला, बघितला आणि खाली बसल्या. त्यांच्या अक्षरातले सात नव्हते. माझ्या अक्षरातले चौदा होते.

"हे मी कोर्टात नेणार नाही," त्या म्हणाल्या. त्या कागदाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

लिफ्टवाल्याच्या मुलीनं साक्ष दिली, पण नुसत्या ऐकीव बोलण्यावर कोर्टानं भरवसा ठेवला नाही. सात महिन्यांनी निकाल लागला. दोषाची मालकास पूर्वकल्पना होती, हे सिद्ध होत नाही. अर्जदाराने पुरेशी काळजी घेतली नाही.

भाचीला तो मीच वाचून दाखवला. तिनं पूर्ण ऐकला. तिला एक वाक्य हवं होतं, ते मिळालं. उलटं.

"ठेवा तो कागद तिकडं," ती म्हणाली. "आणि चष्मा पुसा मामा, काहीतरी चुकीचं वाचाल."

एक गोष्ट सांगायची राहिली. मुद्दाम मागे ठेवली होती. बाईंनाही माहीत नाही, भाचीलाही नाही.

त्या शनिवारी बाई पुढे जिना उतरत होत्या. लिफ्टवाल्याच्या मुलीनं मला दारात थांबवलं. म्हणाली, "मी फोन केला होता तुमच्या ऑफिसात. सहा तारखेला. कुणी गृहस्थ होते."

ऑफिसात गृहस्थ एकच होता.

मला फोनवर बोलायला घाम फुटतो. लवकर संपावं म्हणून मी ठरलेली वाक्यं बोलतो. एक बाई म्हणाली होती, आमच्या वडिलांना काही सांगायचंय, तुमच्यापैकी कुणी घरी येईल का? मी म्हणालो, जबाब द्यायचा तर माणसानं स्वतः इथं यावं लागतं. ती म्हणाली, ते अंथरुणातून उठत नाहीत हो. मी म्हणालो, मग उठता आलं की या. गुरुवारी चारनंतर मी असतो.

नाव विचारलं नाही. कुठल्या खटल्याचं, तेही नाही.

तिनं ते बापाला जाऊन सांगितलं. "येतो म्हणाले," ती मला म्हणाली. "शेवटपर्यंत तेच म्हणत होते."

त्याला आता बरीच वर्षं झाली. तो कसा आला, ते मी स्वतःला विचारत नाही. माझ्या डोक्याच्या बाहेरचं आहे. मला दुसरंच काहीतरी छळतं. तो माझ्यासमोर बसला, मी बोललो, प्रश्न विचारले. त्याला कळलं असेल का, की मुलीशी फोनवर बोलला तो हाच? कळूनही त्यानं मला काही म्हटलं नाही, असं असेल का?

दर रविवारी मी भाचीकडे जातो. ती हल्ली घरूनच बेतून देते, पलंगावर फळी टाकून. मागच्या रविवारी कात्री चालवता चालवता म्हणाली, "मामा, अजून मनाला लावून घेता होय ते? तुम्ही ऐकलं ते लिहिलंत. तुमची काय चूक त्यात?"

मी "हं" म्हणालो.

तिला जे वाक्य हवं होतं, तेच मला इतक्या सहज म्हणून गेली ती. आणि मी ते ठेवून घेतलं.